शीतांजलीचा जावई

उन्हाळ्यात माझ्या दुकानातलं बोलणं परगावच्या माणसानं ऐकलं, तर तो सरळ पोलीस ठाणं गाठेल. "जावई लय पाणी पिते." "जावयाचं गवत बदलाचं आहे." "मागच्या सालचा जावई बुडातून गळून राह्यला, वापस घेता काय?" एकदा एक आजी ऑटोतून उतरल्या आणि भर गर्दीत म्हणाल्या, "बाई, थोरला नोको, आमची खोली लहान आहे. धाकटा जावईच दे." मी निशिगंधा. वणीत इलेक्ट्रिकलचं दुकान चालवते. आणि हे सगळे जावई म्हणजे यवतमाळच्या एमआयडीसीत तयार होणारे पत्र्याचे कूलर.

कूलरचं खरं नाव शीतांजली. हे नाव कोणाला सुचलं देव जाणे. ऐकलं की वाटतं, कोणीतरी गेलंय आणि आता दोन मिनिटं उभं राहायचं आहे. पत्र्यावर ते निळ्या अक्षरांत ठसठशीत लिहिलेलं असतं, पण माझ्याकडं येऊन कोणी "शीतांजली द्या" म्हटल्याचं मला आठवत नाही. लोकांचं असंच असतं. कंपनी थाटात बारसं करते आणि लोक आपल्या मनानं हाक मारतात. एका टेबलफॅनला आमच्याकडं "नाही-नाही" म्हणायचे, कारण तो मान हलवायचा. ही नावं ठरवतं कोण, पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघतात, मला याची फार चौकशी. बहुतेक नावांचा उगम सापडत नाही. जावयाचा मात्र सापडला होता, कारण तो माझ्या शेजारीच राहतो.

रवीभाऊ त्यांचं नाव. राजूरच्या खाणीच्या ऑफिसात बाबू आहेत. त्यांची बायको रजनी यवतमाळची. तिचे वडील दीनानाथकाका तेव्हा धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवायचे. पोरीचं लग्न भर मे महिन्यात ठरलं, वऱ्हाडाला उन्हाचा त्रास नको म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं एक कूलर बनवला आणि जानोशात, म्हणजे नवरदेवाच्या मुक्कामाच्या खोलीत, नेऊन ठेवला. पुढची हकीकत सगळा जिल्हा सांगतो. नवरदेव त्या कूलरसमोर खुर्ची टाकून बसला तो उठेचना. मुहूर्त आला, मामा बोलावून गेले, भटजींचा घसा बसला, नवरदेव ढिम्म. शेवटी सासरे स्वतः आले, त्याच्या कानाशी वाकले. नवरदेव काहीतरी पुटपुटला. सासरे लगबगीनं बाहेर गेले, परत आले, तेव्हा कुठं स्वारी उठली. आणि दुसऱ्या दिवशी तोच कूलर नवरीच्या आंदणासोबत टेम्पोत चढून वणीला आला.

लोकांना आणखी काय पाहिजे? "कूलर कबूल करून घेतला तवाच उठला," असं झालं. आठवड्याभरात कोणीतरी दीनानाथकाकांकडं गेलं आणि म्हणालं, "तुमच्या जावयाले देला तसा एक आमालेबी बनवून द्या." जावयावाला कूलर म्हणता म्हणता नुसता जावई राहिला. काकांनी कोठ्या सोडल्या आणि कूलरच धरले. आज कारखाना आहे.

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. पण रवीभाऊ कोणाला पिडणारे ग्रहच नाहीत. सासुरवाडीला गेले तर स्वतःचं ताट स्वतः उचलून ठेवतात. भाजीत मीठ नसलं तरी "छान झाली" म्हणतात. रजनीला कधी मोठ्या आवाजात बोललेले मी भिंतीपलीकडून ऐकले नाहीत, आणि आमची भिंत पातळ आहे. असा माणूस ऐन मुहूर्ताला हट्ट धरून बसला, हे मला कधी पचलं नाही. चिडवलं की हसतात. "हाव बाप्पा, उठलोच नाही," म्हणतात आणि विषय सोडतात.

दोन गोष्टी मला आणखी खुपायच्या. एक, हा माणूस कूलरसमोर कधीच बसत नाही. पंचेचाळीस डिग्रीतही लांबची खुर्ची धरतो. आणि दुसरं, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर ठेवतो. कोणाकडंही गेले की आधी कूलरच्या पत्र्याला टेस्टर टेकवतात, मग चहाला हो म्हणतात. खाणीच्या बाबूला टेस्टर कशाला? मी इलेक्ट्रिकलवाली असून पर्समध्ये टेस्टर ठेवत नाही. एकदा विचारलंच. म्हणाले, "राहू द्या ना वहिनी, सवय आहे."

मग रजनीला विचारलं. आम्ही दोघी एकमेकींना सगळं सांगतो, सासूपासून गुडघेदुखीपर्यंत. पण "त्या दिवशी नेमकं झालं काय होतं गं?" म्हटल्यावर ती म्हणाली, "मी आतमधी होती. मले काय माहीत?" आणि गॅस बारीक करायला उठली. गॅसवर काहीच नव्हतं.

गेल्या वर्षी कारखाना रजनीच्या धाकट्या भावानं हाती घेतला. पियूष. ताईच्या लग्नात हा अंगणवाडीत जात होता, आता पुण्याहून शिकून आलेला. त्याला कंपनीचं रूप बदलायचं होतं. नागपूरहून अर्पिता नावाची एक मुलगी त्यानं या कामाला बोलावली. ती माझ्या दुकानात कितीतरी दुपारी बसून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकायची आणि तोंडाला ओढणी लावून हसायची. शेवटी मला म्हणाली, "काकू, नाव लोकांच्या तोंडी बसावं म्हणून कंपन्या काय काय करतात. इथं लोकांनी स्वतःच बसवलंय, आणि कंपनी अजून शीतांजली घेऊन बसली आहे." मला तिचं म्हणणं पटलं होतं, खोटं कशाला बोलू?

ठरलं असं की कूलरचं नाव अधिकृतपणे "जावई" करायचं, तेही यंदाच्या अधिक महिन्यात. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला घरी बोलावून लक्ष्मीनारायण मानायचं, अनारशांचं वाण द्यायचं, ऐपतीप्रमाणं भेटवस्तू. यंदा अधिक ज्येष्ठात आला, ऐन उन्हाच्या तडाख्यात. प्रत्येक सासरा जावयाला काय द्यावं या विचारात, त्यात ही उष्णता. कागदावर हिशेब चोख होता.

पियूष नव्या नावाचं पोस्टर घेऊन वणीला ताईच्या घरी आला. मी तिथंच होते. बोलावलं नव्हतं, पण दार उघडं होतं. पोस्टरवर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव हाताची घडी घालून कूलरसमोर बसलेला, मागं हात जोडून उभे सासरेबुवा, आणि खाली लिहिलेलं: "जावई. एकदा बसला की उठत नाही."

रवीभाऊंनी पोस्टर लांब धरून पाहिलं. "बरं आहे. मिशी माह्यापेक्षा चांगली काढली."

रजनी हात पुसत बाहेर आली. तिनं पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "हे नाव लावाचं नाही, पियूष."

"ताई, अवं साऱ्या जिल्ह्यात हेच नाव चालू आहे. आपण नवीन काय करून राह्यलो?"

"लोकं बोलतात ते हवेत जाते. तू तर छापतं. मी जलमभर वाचत बसू काय?"

"भाऊजीले चालते ना. विचार."

"त्याईले सारंच चालते. मले नाही चालत." ती म्हणाली. "हे नाव लागलं तं मी धोंड्याले येणार नाही. बाबाले सांगजो."

ही धमकी साधी नव्हती. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो. दीनानाथकाका ऐंशीला टेकले होते, काकू जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि पुढचा धोंडा आपण पाहू असं काका स्वतःही म्हणत नव्हते. लेक-जावई आले नाहीत तर म्हाताऱ्याचं वाण तसंच राहणार होतं. मला वाटलं, नवऱ्याचं हसं होतं म्हणून बाईचा जीव तुटतोय. पियूषलाही तेच वाटलं. ताई चार दिवसांत थंड होईल असा त्यानं अंदाज बांधला आणि नाव लावून टाकलं.

पहिले काही दिवस धमाल. लोक दुकानासमोर पोस्टरशेजारी उभे राहून फोटो काढायचे. आपापल्या सासऱ्यांना पाठवायचे. एक बाई म्हणाली, "सुनेच्या नावाचा मिक्सर कवा निघते? तोबी आवाजच करते." तिची सून मागंच उभी होती. पुढं काय झालं ते मी सांगत नाही, पण मिक्सर दोघींनी मिळून नेला.

मग एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. लोक "जावई" म्हणेनासे झाले. बोट दाखवून "तो कूलर द्या" म्हणायला लागले. उकणीकडचे नानाजी हे माझं जुनं गिऱ्हाईक, जावई हा शब्द त्यांच्याइतका रंगवून कोणी म्हणत नसे. त्यांनाही तो नकोसा झाला. मी विचारलं, "काहून वो नानाजी, आता जावई नाही म्हणत?"

"आता काय मजा राह्यली त्यात?" नानाजी खरोखर रुसले होते. "आपण चिडवाव अन् समोरच्यानं त्याचीच पाटी बनवून दारावर लावाव, असं राह्यते काय कुठी? नाव आपलं होतं. त्याईनं उचलून नेलं."

आणि सासऱ्यांनी तर पार निराशा केली. एक गृहस्थ खोक्यावरचं नाव वाचून घामाघूम झाले. "जावयाले जावई देऊ काय मी? तो म्हणन, सासऱ्यानं टोमणा मारला. वरचं नाव खरवडून द्या." असे रोजच यायला लागले. शेवटी मी गल्ल्याशेजारी थिनरची बाटली आणि फडकं ठेवलं. एकानं तर नाव पुसल्यावर विचारलं, "पयलेचं ते शीतांजलीचं स्टिकर आहे काय शिल्लक?" ज्या नावाला इतकी वर्षं कोणी कुत्रं विचारत नव्हतं, त्याला आता भाव आला होता. माणसाच्या जातीचं मला नवल वाटतं ते यामुळं. आपण दिलेलं नाव कोणी आनंदानं अंगावर घेतलं की आपल्यालाच ते नको होतं.

इकडं शेजारी मात्र कोणी हसत नव्हतं. अधिक महिना अर्धा सरला. यवतमाळहून फोन आला की रजनी तो नवऱ्याच्या हातात द्यायची. रवीभाऊ तिची समजूत घालायचे, "अवं, जाऊन येऊ. म्हातारा माणूस आहे." ती ऐकायची नाही.

त्या रविवारी दुकान बंद होतं. रजनीकडची कैरीची वाटी परत द्यायला म्हणून मी गेले होते आणि अर्थातच बसले होते. दाराशी गाडी थांबली. दीनानाथकाका उतरले, ड्रायव्हरच्या हातात झाकलेलं ताट. मी उठूनच उभी राहिले. जावयानं सासुरवाडीला जायचं असतं. सासरा वाण घेऊन जावयाच्या दारी आलेला मी तरी पाहिला नव्हता.

"मामाजी, एवढ्या उन्हात तुमी कायले आले?" रवीभाऊ धावले. आमच्याकडं सासऱ्याला मामाजीच म्हणतात.

काकांनी ताट टेबलावर ठेवून घेतलं. वरचा रुमाल काढला. अनारसे होते, त्यावर छोटा दिवा. "इकतचे आहेत," ते म्हणाले. "तुही आई असती तं घरचे आणले असते."

रजनी पाया पडली. मग सरळ विचारलं, "बाबा, नाव काढलं काय?"

"नाही अजून."

"मंग ताट वापस न्या."

काकांनी खुर्चीचा हात धरला आणि हळूच बसले. "रजने, तो हट्टानं नव्हता बसला."

"मामाजी, राहू द्या," रवीभाऊ एकदम म्हणाले.

"कूलरले करंट होता," काका म्हणाले.

काका लेकीकडं बघत बोलत होते. "माह्या हातचा पयला कूलर. घाईत जोडला. आतली वायर पत्र्याले लागून होती. यानं ओल्या हातानं धरला तं भितीवर फेकल्या गेला. बटन बंद केलं, तं याच्या मामानं चालू केलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा कोणी चालू केलं. पोट्टे पाण्यात हात घालाले धावत होते, आपला पियूषबी त्यातच. अन् याचा बाप मानपानावरून सकाळपासूनच तापला होता. सासऱ्यानं करंटवाला कूलर ठेवला असं ऐकलं असतं तं वऱ्हाड वापस नेलं असतं त्यानं. मंग यानं लाकडाची खुर्ची ओढली अन् समोर बसला. कोणाले जवळ येऊ देईना. मी हात जोडत आलो, तं माह्या कानात म्हणे, मामाजी, पयले फ्यूज काढून खिशात ठेवा, मंग मी उठतो."

मला एकदम तो टेस्टर आठवला. इतकी वर्षं मी त्या माणसाला विक्षिप्त म्हणत होते.

"तो कूलरबी यानंच मांगून आणला," काका म्हणाले. "कोणी पुन्हा लावाले नोको म्हणून. इथी आणून मोडला. अन् लोकं म्हणे, कूलर घेऊनच उठला. मी ऐकत होतो. खरं सांगतो तं माह्याकडून कूलर कोणी घेतला असता? मंग ऐकतच राह्यलो. त्या दिवसापासून एकबी कूलर सोता हात लावल्याशिवाय बाहेर जाऊ देला नाही. पण जावयाले हसू देलं लोकाईले. पोस्टर पाह्यलं, तवापासून झोप नाही."

रवीभाऊ तापले. त्यांना तापलेलं मी प्रथमच पाहत होते, आणि त्यांना ते नीट जमतही नव्हतं. "मामाजी, हे सांगाचं कायले? इतके वर्सं मी जपलं ना ते? कोणी मागतलं होतं काय? माह्याजवळ सोताचं असं तेवढंच होतं. आता कारखान्याचं काय होईन? अन् ही बसली आहे इथी. हिच्या पोटात काही राह्यते काय?"

ही म्हणजे मी.

"राहू नोको देऊ," काका मला म्हणाले. "त्याच्यासाठीच तं तुह्यासमोर बोललो. सांग साऱ्याईले. नावाचं पियूषले मी पाहून घेतो."

मी रजनीकडं पाहिलं. आता ही बापावर भडकणार, की इतकी वर्षं गप्प राहिला म्हणून नवऱ्यावर, एवढंच बघायचं होतं. ती दोघांवरही भडकली नाही. दाराला टेकून ती रवीभाऊंकडं बघत होती.

"म्हणजे तुमाले मी पसंत होती?" तिनं विचारलं.

रवीभाऊंना कळेना. "काय म्हंतं?"

"मी गौरीहरापाशी बसून होती. डोळे मिटून. मिनटामिनटाले कोणीतरी येऊन सांगे, नवरदेव उठत नाही, नवरदेव उठत नाही. साऱ्या बाया माह्याकडं पाहे. कूलरसाठी कोणी मुहूर्त टाळते काय? मले वाटलं, पोरगी पसंत नाही, अन् आता तोंडानं सांगता येत नाही म्हणून बसला माणूस. शेवटी बाबानं पाय धरून उठवला असन." ती थांबली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी सरळ होता. "मंग तुमी कधी रागावले नाही. कधी काही म्हटलं नाही. माह्या हातचं जसं असन तसं खाल्लं. मी म्हणे, पसंत नसलेल्या बायकोसंगं माणूस इतकं चांगलं वागते, म्हणजे हा देवच असन. मी तुमाले लय मोठं समजत आली."

रवीभाऊंनी तिला बसायला आपली खुर्ची पुढं केली.

"पसंत बायकोसंगं तं कोणीबी चांगलं वागते. तुमी तर साधेच निघाले," रजनी म्हणाली, आणि मग ती रडायला लागली.